पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आणि विमाधारकासाठी उघडी असलेली इतर दारे: फैजपूर परिसरातील एका ग्राहकाचे परीक्षण

२ मे २०२५ रोजी फैजपूरजवळच्या आमच्या घरी स्पीड पोस्टाने एका खासगी विमा कंपनीचे दीड पानी पत्र आले. पत्नीच्या अँजिओप्लास्टीचा २,८६,४०० रुपयांचा दावा नामंजूर केल्याचे त्यात कळवले होते आणि पॉलिसी घेताना रक्तदाबाचा जुना आजार लपवला गेला, असे कारण दिले होते. त्या पत्रापासून २४ ऑक्टोबरला पैसे खात्यावर जमा होईपर्यंत पावणेसहा महिने गेले, आणि तेवढ्या काळात विमा ग्राहकाच्या तक्रारीसाठी असलेली बहुतेक दारे मी स्वतः ठोठावली किंवा नात्यागोत्यातल्या कोणाबरोबर तरी जवळून पाहिली. हे परीक्षण मुख्यतः त्यांपैकी एकाच सेवेचे, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा देणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाचे आहे. बाकीच्यांचा उल्लेख तुलनेपुरता येईल. मात्र केळीच्या विम्यावर थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आमच्या भागात विमा हा शब्द निघाला की माणसाला आधी केळीचीच बाग आठवते.

प्रकरण थोडक्यात सांगतो. पाच लाखांची आरोग्य पॉलिसी आम्ही नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतली आणि एकही वर्ष न चुकवता तिचे नूतनीकरण केले. मार्च २०२५ मध्ये पत्नीच्या छातीत कळा येऊ लागल्यावर तिला आधी जळगावला आणि तिथून त्याच रात्री नाशिकच्या एका रुग्णालयात नेले. कॅशलेसची विनंती ‘माहिती अपुरी’ असे सांगून नाकारण्यात आली, तेव्हा मुदत ठेव मोडून बिल भरले आणि १४ मार्चला सुट्टी मिळाल्यावर कागद जमवून परताव्याचा दावा लावला. दावा नामंजूर झाल्यावर रुग्णालयाकडून इनडोअर केस पेपरची झेरॉक्स मागवली आणि तिच्या पहिल्याच पानावर सगळ्या रामायणाचे मूळ सापडले. इंग्रजी आद्याक्षरांत तिथे ‘के/सी/ओ एच.टी.एन., १० वर्षे’ अशी नोंद होती, म्हणजे दहा वर्षांपासून रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण. प्रत्यक्षात तिचा रक्तदाब ऑगस्ट २०२३ मध्ये प्रथम वाढलेला आढळला होता आणि त्या दिवसाची चिठ्ठी घरातल्या फाइलीत होती.

मग हे दहा कुठून आले? पत्नीला विचारले तेव्हा उलगडा झाला. रात्री दोनच्या सुमारास ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी तिला बी.पी. कधीपासून आहे असे विचारले होते. ती कळांनी हैराण झालेली, त्यात तिला जुन्या अर्धशिशीची आठवण झाली आणि ती म्हणाली, ‘धा वरीस व्हयनात, डोकं दुखस मन्हं.’ डॉक्टर बाहेरगावचे असल्याने त्यांना त्या वाक्यातला ‘धा’ तेवढा कळला असावा. अहिराणीतले डोकेदुखीचे दहा वर्ष इंग्रजीतल्या रक्तदाबापुढे जाऊन बसले आणि त्या एका आकड्यावर कंपनीने जवळजवळ तीन लाखांचा दावा फेटाळला.

पहिली पायरी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याची असते आणि ती टाळता येत नाही, कारण कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर आल्याशिवाय किंवा एक महिना उलटल्याशिवाय लोकपाल तक्रार दाखल करून घेत नाहीत. आमच्या तक्रारीला चौदाव्या दिवशी ई-मेलने उत्तर आले. मूळ नकारपत्राचेच तीन परिच्छेद त्यात जसेच्या तसे होते, फक्त तारीख आणि जावक क्रमांक बदलला होता. त्यानंतर मी विमा नियामकाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तिथे १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही नोंद करता येते. या सेवेकडून लोक भलती अपेक्षा धरतात, म्हणून स्पष्ट सांगतो की नियामक तिथे कोणाच्याही दाव्याचा निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडे जाते, कंपनीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते आणि ती उत्तर देते की नाही, यावर नियामकाची नजर असते. कंपनीने तेच तीन परिच्छेद तिसऱ्यांदा पाठवले. मला त्यातून तक्रारीचा क्रमांक आणि कंपनीचे म्हणणे पुन्हा एकदा लेखी मिळाले. पुढे त्याचा उपयोग झाला.

विमा लोकपाल ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली आणि आज ती २०१७ च्या नियमांनुसार चालते. मुंबई आणि तिच्या लगतचा महानगर प्रदेश वगळता उरलेल्या महाराष्ट्राचे, म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. शुल्क काहीही नाही. वकील देता येत नाही, एजंटालाही आपल्या वतीने बोलता येत नाही. तक्रारदाराने स्वतःच बोलायचे असते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते आणि २०२३ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. त्याआधी ही मर्यादा तीस लाख होती. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर मात्र नसतो. म्हणजे निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट आपल्याला मोकळी राहते. उलट प्रवास करता येत नाही: तेच प्रकरण आधी आयोगात किंवा न्यायालयात नेले असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत. हा क्रम माझ्या ओळखीच्या दोन सुशिक्षित माणसांना माहीत नव्हता आणि दोघांनीही आधी वकील गाठला होता.

मी १६ जूनला ऑनलाइन तक्रार भरली. पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती, नकारपत्र, कंपनीला केलेला अर्ज आणि तिचे उत्तर जोडले. काही दिवसांनी संमतीपत्राचा नमुना आला, तो सही करून १ जुलैला परत पाठवला. सगळे कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावा, असा नियम असल्यामुळे ही १ जुलैची तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने गोल करून ठेवली होती. मध्यंतरी कंपनीचे लेखी म्हणणे आले. ते नऊ पानी इंग्रजी टिपण वाचायला माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकालाही दोन दिवस आणि एक शब्दकोश लागला, तर सातबाऱ्यापलीकडे कागद न पाहिलेल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न मनात येऊन गेला. टिपणातला सगळा भर मात्र त्या एका केस पेपरवरच होता.

उत्तरात मी तीन मुद्दे मांडले. पहिला मुद्दा पुराव्याचा होता. रक्तदाबाचे निदान २०२३ चे असल्याचे आमच्या गावातल्या डॉक्टरांचे पत्र आणि मूळ चिठ्ठी जोडली. नाशिकच्या रुग्णालयाकडूनही नोंद ऐकण्यातल्या चुकीने झाली असण्याची शक्यता मान्य करणारा दाखला मिळवला, त्यासाठी मात्र दोन खेपा घालाव्या लागल्या. दुसरा मुद्दा नियमाचा होता आणि तो आरोग्य पॉलिसी असलेल्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे. आरोग्य विमा सलग ठरावीक वर्षे चालू राहिला की माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. या मुदतीला मोरॅटोरियम म्हणतात. पूर्वी ती आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये नियामकाने ती साठ महिन्यांवर आणली. आमच्या पॉलिसीला सहा वर्षे चार महिने झाले होते. जुन्या नियमात आम्ही अडकलो असतो, नव्या नियमात कंपनीचा आक्षेपच उरत नव्हता, आणि तरीही तिन्ही उत्तरांत कंपनीने त्या कलमाचा साधा उल्लेखही केलेला नव्हता. तिसरा मुद्दा असा की, मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा कोणताही दावा नाकारता येत नाही. अशी मंजुरी घेतली का, एवढेच मी विचारले.

सुनावणी ९ सप्टेंबरला व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्याला जायचे तर एसटीचा रात्रभराचा प्रवास आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेली बायको सोबत, म्हणून ही सोय आमच्यासाठी फार मोठी होती. घरच्या नेटचा भरवसा नाही आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, यासाठी भाच्याच्या महा ई-सेवा केंद्रात इन्व्हर्टरजवळची खुर्ची धरली. पत्नी कोर्टात जायचे असल्यासारखी ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि तिने औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी बरोबर आणली होती. ती दाखवावी लागली नाही, पण पूर्ण वेळ मांडीवर होती. आदल्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून फोन आला होता आणि साठ टक्क्यांवर, म्हणजे १,७१,८४० रुपयांवर तडजोड करता का, अशी विचारणा झाली होती. मोडलेल्या ठेवीचा विचार करता क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. परंतु दावा खोटा असेल तर साठ टक्के का आणि खरा असेल तर चाळीस टक्के कोणाचे, हे मी त्या मुलीला विचारले तेव्हा तिने नम्रपणे फोन ठेवला.

सुनावणी वीस-बावीस मिनिटे चालली. कंपनीतर्फे मुंबईहून एक अधिकारी आणि एक डॉक्टर होते. २०१८ पूर्वीच्या उपचाराचा एखादा कागद, एखादी चिठ्ठी, एखादे बिल आहे का, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यावर पुन्हा केस पेपरचेच पान पुढे आले. समितीच्या मंजुरीचा कागद नंतर पाठवतो, असे उत्तर मिळाले. मग पत्नीला थेट विचारण्यात आले की त्या रात्री काय घडले. तिने अर्धे मराठीत, अर्धे अहिराणीत सांगितले. ‘धा वरीस’ हे शब्द कशाबद्दल होते, ते लोकपालांनी तिच्याकडून दोनदा नीट विचारून घेतले आणि तोवर मी मध्ये बोलू नये, असे मला शांतपणे सांगितले. मला या सेवेत सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. पाच महिने तिच्या आजाराबद्दल सगळे बोलत होते, पण तिला स्वतःला कोणी विचारले नव्हते.

निवाडा ३० सप्टेंबरला ई-मेलने आला, म्हणजे तीन महिन्यांच्या मुदतीच्या आत. हातमोजे आणि तत्सम न मिळणाऱ्या बाबींचे ११,२५० रुपये वजा करून २,७५,१५० रुपये आणि त्यावर बँकदरापेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज द्यावे, असा तो आदेश होता. निवाडा मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने तो अमलात आणला नाही तर तक्रारदाराला दररोज पाच हजार रुपये द्यावे लागतात, अशी तरतूद नियामकाने २०२४ मध्ये केली आहे. चोविसाव्या दिवशी पैसे आले, त्यात या तरतुदीचा हात असावा असा माझा तर्क आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगायला हव्यात आणि त्या नियमांतच आहेत. लोकपाल प्रत्यक्ष नुकसानापुरतीच भरपाई देऊ शकतात; मोडलेल्या ठेवीचे गेलेले व्याज, नाशिकच्या खेपा आणि झोप उडालेल्या रात्री त्यात धरल्या जात नाहीत. साक्षीदार बोलावून उलटतपासणी घ्यायची असेल, तर ही जागा त्यासाठी नाही. खान्देशात या सेवेची माहिती जवळजवळ कोणाला नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव म्हणता येईल, आणि नकारपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला पत्ता म्हणजे काही प्रसिद्धी नव्हे. तरीही फुकट, वकिलाविना आणि घरबसल्या इतके काम होत असेल, तर पाचपैकी साडेचार गुण द्यायला माझी हरकत नाही.

नकारपत्र आले तेव्हा आमच्या शालकांनी आमदारांना भेटू असे सुचवले होते, शेजाऱ्यांनी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या म्हणून सांगितले होते. दोघांचा हेतू चांगला होता. अडचण अशी की, आपल्या राज्यघटनेने विमा हा विषय संघसूचीत, सत्तेचाळिसाव्या नोंदीत ठेवला आहे, त्यामुळे विमा कंपनीला परवाना देणे, तिच्यावर नियम लादणे आणि दंड करणे यांपैकी कशातही राज्य सरकारचा हात नाही. १९३८ चा विमा कायदा केंद्राचा, १९९९ च्या कायद्याने झालेला नियामकही केंद्राचा आणि त्याचे मुख्यालय हैदराबादला. माझी पुतणी न्यू जर्सीत राहते, तिला हे ऐकून नवल वाटले. अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांच्या हाती ठेवले आहे. तिथे प्रत्येक राज्याचे वेगळे विमा खाते असते आणि सामान्य माणसाची तक्रार आधी तिथे जाते. कॅलिफोर्नियात तर १९८८ च्या सार्वमतापासून विमा आयुक्त मतदार निवडून देतात आणि गाडीच्या किंवा घराच्या विम्याचे दर वाढवायचे असल्यास कंपनीला आधी त्याची मंजुरी घ्यावी लागते. आमचे शालक त्या राज्यात राहत असते तर त्यांचा सल्ला अगदीच चुकीचा ठरला नसता.

आपल्याकडे राज्य सरकारचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. जिल्हा ग्राहक आयोग राज्य सरकार स्थापन करते आणि तिथल्या अध्यक्ष-सदस्यांच्या नेमणुकाही तेच करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विमाधारकाच्या दोन मोठ्या अडचणी दूर केल्या. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत आहे ही सबब संपली. शिवाय आयोगाची आर्थिक मर्यादा आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवरून, म्हणजे विम्यात हप्त्यावरून ठरते. पन्नास लाखांपर्यंत हप्ता भरलेला असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालते आणि पाच लाखांपर्यंत काही शुल्क लागत नाही. साध्या माणसाचा विम्याचा कोणताही तंटा त्यात बसतो. मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीला अपील करायचे असेल तर पंचेचाळीस दिवसांत करावे लागते आणि निकालाच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, त्यामुळे उगाच अपील करण्याला आळा बसतो.

नात्यातल्या एका मुलाचे प्रकरण मी या आयोगात जवळून पाहिले. केळीचे घड भरून बऱ्हाणपूरकडे निघालेला त्याचा पिकअप उलटला. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, मालवाहतुकीची वेगळी नोंद नव्हती, एवढ्यावर कंपनीने दुरुस्तीचा दावा नाकारला. प्रकरण २०२३ च्या हिवाळ्यात दाखल झाले आणि तारखा पडत राहिल्या. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, पण खटल्यांचा भार पाहता ते बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच राहते. मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय दिला आणि कंपनीच्या युक्तिवादातली हवा गेली. २०२५ मध्ये निकाल लागला तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाखेरीज मानसिक त्रासाचे पंधरा हजार आणि तक्रारखर्चाचे दहा हजार त्याला मिळाले. हे पंचवीस हजार लोकपालांकडे मिळाले नसते; पण तिथे त्याला जवळजवळ दोन वर्षे थांबावेही लागले नसते.

आता केळीकडे वळतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत राज्य सरकार बाजूला उभे राहत नाही, ते स्वतः त्या व्यवहारातला एक पक्ष असते. कोणते पीक, कोणते महसूल मंडळ, कोणता हवामान धोका, किती अंशांना किती भरपाई आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे सगळे कृषी विभागाच्या शासन निर्णयात ठरते. केंद्राबरोबर राज्यही हप्त्याचा वाटा भरते. शेतकऱ्याच्या हातात पॉलिसीचा जाडजूड दस्तऐवज नसतो. त्याची पॉलिसी म्हणजे तो शासन निर्णय, आणि माझ्या थोरल्या भावाने गेली कित्येक वर्षे विमा काढूनही तो एकदाही वाचलेला नव्हता.

केळीसाठी थंडीचा निकष असा की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली नोंदले गेले पाहिजे. एका हिवाळ्यात भावाच्या बागेला चिलिंग, म्हणजे थंडीचा तडाखा, लागले. पाने पिवळी पडून कडेने करपली, पोंगा, म्हणजे न उलगडलेले नवे पान, सरेना, आणि निसवायला (घड बाहेर टाकायला) आलेल्या झाडांचे घड गळ्यातच अडकले. हात लावला तर घडाची दांडी आखडलेली, फण्या एकमेकींत दाबलेल्या. केंद्रावर मात्र पहिले दोन दिवस पारा आठच्या खाली आणि तिसऱ्या दिवशी ८.३ अंश नोंदला गेला. बांधापलीकडचे शिवार दुसऱ्या मंडळात मोडते, तिथल्या केंद्राने तीन दिवस पूर्ण दाखवले आणि त्यांना भरपाई मिळाली. आमच्या बागेपासून ते केंद्र आमच्या केंद्रापेक्षा जवळ आहे. कंपनीने फसवणूक केली असे इथे म्हणता येत नाही, कारण थंडीच्या दाव्यात बाग पाहायला कोणी येतच नाही, केंद्रावरच्या आकड्याला पैसे मिळतात. भावाला हे समजावताना मला आठवीच्या वर्गाला बीजगणित शिकवल्याचा थकवा आला आणि त्याला ते पटले नाही ते नाहीच.

वेगाचा वारा आणि गारपीट यांत तसे नसते. तिथे ७२ तासांच्या आत नुकसान कळवावे लागते आणि प्रत्यक्ष पंचनामा होतो, म्हणून वादळानंतर आधी बाग पाहायची की आधी फोन लावायचा, या प्रश्नाला एकच उत्तर आहे. केंद्र सरकारने १४४४७ हा क्रमांक त्यासाठी ठेवला आहे. तक्रारीसाठी तालुक्याला तहसीलदारांच्या आणि जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत. लोकशाही दिनाचा जो सल्ला माझ्या प्रकरणात निरुपयोगी होता, तो पीक विम्यात बरोबर दिशेने जातो. पण समितीपुढे आपण जो निकष चुकीचा म्हणतो, तो ज्या शासनाने ठरवला त्याच शासनाचे अधिकारी समितीत बसलेले असतात. कंपनीने निकष पाळला नाही तर समिती उपयोगी पडू शकते, परंतु निकषच अन्यायाचा असेल तर तिच्या हातात काही नाही. लोकपालांसारखा स्वतंत्रपणे निवाडा करणारा माणूस या तक्रार व्यवस्थेत नाही आणि माझ्या मते या सेवेचे हेच खरे वैगुण्य आहे.

साध्या पिकांच्या विम्यातही राज्याने गेल्या काही वर्षांत मोठे फेरफार केले. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा उरलेला शेतकरी हिस्सा राज्याने भरला. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाल्यावर २०२५ च्या खरिपात ती सवलत गेली आणि खरिपाला दोन, रब्बीला दीड व कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के हा मूळ हिस्सा परत आला. त्याचबरोबर भरपाई पीक कापणी प्रयोगांपुरती, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या परिसराच्या सरासरी उत्पादनापुरती, मर्यादित झाली, त्यामुळे एखाद्याच शेतात पाणी शिरले तर मिळणारे स्थानिक आपत्तीचे संरक्षणही गेले. हप्ता वाढल्याची चर्चा बाजारात महिनाभर चालली. दुसऱ्या बदलाबद्दल मी फारसे कोणाला बोलताना ऐकले नाही, आणि नुकसान खरे तर त्यात जास्त आहे.

एका ठिकाणी राज्याने वेगळीच वाट धरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालायची. दावे नाकारले जाणे आणि रेंगाळणे यांच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये सरकारने कंपनीला मधून काढले आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान स्वतः द्यायला सुरुवात केली. ज्या कंपनीवर आपला नियमनाचा अधिकार चालत नाही, तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा राज्याने तिला वगळले. योजनेच्या नावातला ‘विमा’ हा शब्दही तेव्हा गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी एजंट घरी आला. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी रद्द झाल्याने धनादेश गेल्या वर्षीपेक्षा लहान लिहावा लागला, त्यामुळे तो खुशीत होता. फॉर्मवरचे नाव आणि पत्ता भरून झाल्यावर तो म्हणाला, ‘सर, बाकी रकाने मी ऑफिसात बसून भरून घेतो, तुम्ही फक्त सही करा.’ पत्नी चहा घेऊन आली होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, चष्मा लावला आणि त्याच्या हातातले पेन काढून घेतले. मग रक्तदाबाच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात ‘ऑगस्ट २०२३ पासून’ असे लिहिले, त्याच्या खाली ‘डोकेदुखी वेगळी’ असे जोडले आणि मला मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढायला सांगितला.